दोघांनीं पाहावयाचा चित्रपट

१९११ सालच्या एप्रिल महिन्यांत, ईस्टरच्या सुमारास, धुंडिराज गोविंद फाळके आपल्या पत्नीला, सरस्वतीबाईंना, गिरगांवांतील एका चित्रगृहांत घेऊन गेले. आदल्या दिवशीं ते मुलाला बरोबर नेऊन जनावरांचा एक चित्रपट पाहून आले होते. पडद्यावर जनावरें चालतात हें घरांत कोणाला खरें वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशीं सारें कुटुंबच नेण्यांत आलें. त्या खेळांत ख्रिस्ताचें चरित्र दाखविलें, आणि तें पाहतां पाहतां फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण उभे राहिले, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. त्या सायंकाळची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाहीं. त्या खेळास दोघें गेलीं होतीं. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला तोंवर सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते. फिल्मच्या कडांना भोकें पाडणें, अंधाऱ्या खोलींत रसायनें कालविणें, आणि शिवाय कंपनींतील सर्व माणसांचा स्वयंपाक करणें, हीं कामें त्यांनीं केलीं होतीं. परेश मोकाशी यांनीं २००९ सालीं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटांत हा संसार मोठ्या खेळकरपणें दाखविला आहे. तो पाहणाऱ्याला एक गोष्ट पटते: त्या घरांतील खरें भांडवल म्हणजे नवराबायकोचें एकमत.

सर्वच जोडपीं खेळ पाहून आल्यावर कारखाना काढीत नाहींत. तथापि पति-पत्नींनीं मिळून चित्रपटास जाणें ही वाटते तितकी किरकोळ गोष्ट नव्हे. शहरांतील संसारांत दोघांना शेजारीं शेजारीं बसावयास मिळणारा वेळ असा किती? सकाळ डब्यांच्या घाईंत जाते, दिवस कचेरींत आणि लोकलच्या गर्दींत जातो, रात्रीं मुलांचे अभ्यास, वडीलधाऱ्यांचीं औषधें व उद्यांच्या भाजीची चिंता. महिन्याकाठीं एखादी सायंकाळ अशी येते कीं, मुलें आजीपाशीं आहेत, स्वयंपाक आधींच उरकला आहे, आणि दोघांना अडीच तास कोणी हांक मारणार नाहीं. ती सायंकाळ कोणत्या चित्रपटाच्या स्वाधीन करावयाची, हा प्रश्न बहुतेक घरीं शेवटच्या घटकेला, पायांत जोडे सरकवितांना विचारला जातो. आणि तोहि एवढाच विचारला जातो, “चांगला आहे ना?”

‘चांगला’ म्हणजे येथें बहुधा ‘त्यांत कांहीं वावगें नाहीं’ इतकाच अर्थ अभिप्रेत असतो. तेवढेंच हवें असेल तर त्याचें उत्तर सरकारनें आधींच देऊन ठेविलें आहे. हिंदुस्थानांत चित्रपटांवर देखरेख ठेवणारा पहिला कायदा १९१८ सालीं झाला, आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें सेन्सॉर मंडळें काम करूं लागलीं. १९४९ च्या दुरुस्तीनें चित्रपटांचे दोन वर्ग पडले, सर्वांसाठीं ‘यू’ आणि प्रौढांसाठीं ‘ए’. पुढें १९५२ चा कायदा आला, तोच अद्यापि चालू आहे. १९८३ पासून ‘यूए’ हा मधला वर्ग निघाला; आणि २०२३ च्या दुरुस्तीनें त्या मधल्या वर्गाचेहि ७, १३ व १६ या वयांप्रमाणें तीन भाग झाले.

या साऱ्या व्यवस्थेंत काळजी कोणाची वाहिली आहे? मुलाची. सात वर्षांच्या बालकाला काय दाखवावें, तेरा वर्षांच्या मुलीला काय दाखवूं नये, याचा विचार मंडळ करतें, आणि तो करणें अवश्यच आहे. परंतु बारा वर्षें संसार केलेल्या दोन माणसांना कोणता चित्रपट मानवेल, हा प्रश्न त्या मंडळापुढें कधीं आलेलाच नाहीं. प्रमाणपत्रावरील अक्षर पाहून दोघांची सायंकाळ ठरविणें म्हणजे मुलाच्या औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचून मोठ्या माणसाचें पथ्य ठरविण्यासारखें आहे.

शिवाय, ज्या गोष्टी मुलाला बाधत नाहींत त्या पत्नीला बाधूं शकतात. नायिका नको नको म्हणत आहे आणि नायक गाणें म्हणत तिचा पाठलाग करीत आहे; शेवटीं तीच त्याच्या गळ्यांत माळ घालते. बायको म्हणजे कटकट, मेहुणी म्हणजे मौज आणि सासू म्हणजे राक्षसीण, या तीन खांबांवर उभारलेले विनोदी चित्रपट तर मराठींत व हिंदींत थोडे झाले नाहींत. त्यांपैकीं पुष्कळांना ‘यू’ हें अक्षर मिळालें आहे. त्यांत एकहि चुंबन नाहीं, एकहि ओरबाडणारें दृश्य नाहीं. चित्रगृहांत हंशा पिकतो. नवराहि मनमोकळा हंसतो. शेजारच्या खुर्चीवर बसलेली बाई प्रथम थोडीशी हंसते, मग पदर सावरते, मग हंसत नाहीं. बाहेर आल्यावर रिक्षांत दोघें मुकाट बसतात. “आवडला नाहीं कां?” असें तो विचारतो, “बरा होता,” असें ती सांगते. वावगें कांहींच घडलेलें नसतें, आणि तरीहि महिन्यांतील ती एक सायंकाळ हातची गेलेली असते. याच्या उलटहि होतें. नवरा म्हणजे मूर्ख, पैसा मिळविणारा बैल, एवढेंच सांगणारा चित्रपट पाहून दिवसभर राबून आलेल्या गृहस्थाच्या मनाला काय वाटत असेल, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे.

वर्ज्य गोष्टींच्या यादीनें निकोप चित्रपट निपजत नाहीं, याचें सर्वांत मोठें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. तेथील चित्रपट-व्यवसायानें १९३० सालीं स्वतःसाठींच एक नियमावली केली. १९३४ च्या मध्यापासून ती कडकपणें अंमलांत आली आणि १९६८ पर्यंत टिकली. तिच्या अमलाखालीं पडद्यावरील नवराबायको सुद्धां बहुधा दोन निरनिराळ्या पलंगांवर निजत. याच नियमांखालीं १९४४ सालीं जॉर्ज क्यूकर यांचा ‘गॅसलाइट’ निघाला. त्यांत एक सभ्य दिसणारा पति दागिन्यांच्या लोभानें आपल्या पत्नीला हळूहळू वेड लागल्याचा भास करून देतो. वस्तु लपवितो, आणि तीं तिनेंच हरविल्या असें तिला पटवितो. चित्रपट उत्तम आहे, इन्ग्रिड बर्गमनचें काम अविस्मरणीय आहे, आणि नियमांच्या दृष्टीनें तो सोंवळा आहे. पण लग्नाच्या वाढदिवशीं पाहावयाचा तो नव्हे.

त्याच्या उलट फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’. हा १९३४ च्या फेब्रुवारींत, म्हणजे नियम कडक होण्याच्या आधीं, आला. एक बातमीदार आणि घरांतून पळालेली एका धनिकाची मुलगी, एकमेकांशीं लग्न न झालेलीं, प्रवासांत पैशाच्या टंचाईमुळें एकाच खोलींत रात्र काढतात. विषय ऐकूनच कोणी वडीलधारा माणूस कपाळास आंठी घालील. परंतु तो बातमीदार दोन खाटांच्या मध्यें दोरी बांधून तिच्यावर एक घोंगडी टाकतो, आणि त्या घोंगडीच्या दोन्ही बाजूंस जें बोलणें चालतें त्यांत इतकी मर्यादा आणि इतका खट्याळपणा आहे कीं, पावणेदोन तास कसे गेले तें कळत नाहीं. दोघेंहि एकमेकांना चिमटे काढतात. पण कोणीहि कोणाला क्षुद्र करीत नाहीं. विनोदी चित्रपट हवा असणाऱ्या जोडप्यानें आरंभ येथून करावा.

‘निकोप’ या शब्दाचा अर्थ येथेंच सांपडतो. जो चित्रपट पाहिल्यावर दोघांपैकीं कोणालाहि आपण लहान झालों असें वाटत नाहीं, तो त्या दोघांपुरता निकोप. त्यांत दुःख असूं शकेल, भांडण असूं शकेल, लग्न मोडण्याची वेळहि असूं शकेल. गोडगोड कथेंत मात्र हा गुण असेलच असें नाहीं.

मराठी बोलपटांत याचा पहिला मोठा दाखला पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३६ सालीं दिला, आणि तोहि संतपटांत. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ मुंबईंत एका वर्षाहून अधिक काळ चालला, दुसऱ्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. लोक त्याला भक्तिपट म्हणून आठवितात. विष्णुपंत पागनिसांची मुद्रा डोळ्यांपुढें आणतात. पण तो पुन्हां पाहतांना लक्ष जडतें तें गौरी या नटीनें उभ्या केलेल्या जिजाईवर. नवरा देवाच्या नादीं लागलेला, घरांत दाणा नाहीं, पोर आजारी. ती पोराला ओढीत देवळांत नेते आणि हातांत पायतण घेऊन विठोबालाच जाब विचारते. या बाईला तुकोबांचें संतपण ठाऊक नाहीं. तिला त्यांची भूक ठाऊक आहे. म्हणून शिव्या देत देत ती भाकरी बांधून रानांत त्यांना शोधीत जाते. तिच्या तोंडाला आळा नाहीं, आणि तुकोबांना तिचा राग नाहीं. चित्रपट तिला कर्कशा म्हणून हिणवीत नाहीं, कीं शेवटीं तिला भक्त करून सुधारीतहि नाहीं. वैकुंठाला निघतांना तुकोबा तिला बरोबर येण्याविषयीं विचारतात. ती येत नाहीं. मुलें कोणी पाहावयाचीं, चूल कोणी सांभाळावयाची? विमान वर जातें आणि जिजाई खालीं राहते.

सुमारें सव्वादोन तासांचा हा बोलपट पाहून उठलेलें जोडपें भक्तीविषयीं बोलेल, असें नाहीं. बहुधा तीं दोघें एकमेकांकडे पाहून हंसतील. घरांत एकाला कशाचा तरी नाद असतो, संगीताचा, क्रिकेटचा, समाजकार्याचा अगर नुसत्या पुस्तकांचा. आणि दुसऱ्याला गॅसच्या टाकीचा नंबर लावावयाचा असतो. कोण तुकाराम आणि कोण जिजाई, यावर घरोघरीं वाद होऊं शकेल, आणि हल्लीं तो वाद पूर्वींसारखा एकतर्फी सुटणार नाहीं.

याच कंपनीचा १९३७ चा ‘कुंकू’ मात्र निराळ्या जातीचा. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो काढला. फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशीं लग्न लावून दिलेली तरुण नीरा तें लग्न मान्यच करीत नाहीं. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाहीं, हें त्या काळच्या प्रेक्षकांस नवलाचें वाटलें असेल. आज अधिक नवल वाटतें तें केशवराव दाते यांच्या काकासाहेबांचें. तो खलपुरुष नाहीं. आपण काय केलें हें त्याला थोडें थोडें, फार उशिरां कळतें. वाद्यांचें पार्श्वसंगीत टाळून घरांतील खऱ्या आवाजांवर हा बोलपट चालविला आहे, आणि भिंतीवरचें जुनें घड्याळ त्या म्हाताऱ्याचें जणूं दुसरें रूप होऊन टोले देतें. शेवट मृत्यूंत आहे. तेव्हां थकून आलेल्या शुक्रवारीं हा लावूं नये. ज्या दिवशीं दोघांचें मन स्वस्थ असेल, आणि घरांत एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणीं चालू असतील, त्या दिवशीं हा अवश्य पाहावा.

स्वातंत्र्यानंतरच्या चित्रपटांत नवराबायकोची अडचण सांगणारे पुष्कळ निघाले. पण मुंबईकरांची जी खरी अडचण, म्हणजे जागेची, ती राजा ठाकूर यांच्या १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटानें सांगितली. बासू चटर्जी यांनीं १९७२ सालीं त्यावरूनच हिंदी ‘पिया का घर’ केला. गांवांतील ऐसपैस वाड्यांत वाढलेली मुलगी मुंबईच्या चाळींतील भरल्या कुटुंबांत येते, आणि नवविवाहित जोडप्याच्या वांट्याला स्वयंपाकघराची जागा येते. दोघांना बोलावयास कोपरा नाहीं, हा यांतील सारा कथाभाग. घरांत दुष्ट असें कोणीच नाहीं. सासू चांगली, सासरे चांगले, दीर-जावा चांगल्या. फक्त भिंती जवळ जवळ आहेत. चाळी पाडून तेथें उंच इमारती उठल्या तरी ही कथा जुनी झालेली नाहीं. दोन खोल्यांच्या सदनिकेंत चार पिढ्यांचें सामान घेऊन राहणाऱ्यांना ती आपलीच वाटेल. सासूबाईंना बरोबर घेऊन पाहिला तरी चालेल असा हा चित्रपट आहे, आणि एका परीनें तो तसाच पाहण्यांत मौज आहे.

चटर्जी यांचाच ‘रजनीगंधा’ (१९७४) हा लग्नाआधींच्या जोडप्यांसाठीं. मन्नू भंडारी यांच्या कथेवरील या चित्रपटांत एक तरुणी दोन पुरुषांच्या मध्यें सांपडली आहे: एक वेळ न पाळणारा, कचेरींतील बढतीच्या गोष्टी सांगणारा, पण हंसतमुख, दुसरा नीटनेटका, तत्पर, आणि पूर्वींचा ओळखीचा. दोघांतून कोणता बरा, हें चित्रपट सांगत नाहीं. ती कशी ठरविते एवढेंच दाखवितो. साखरपुडा झालेल्या दोघांनीं हा पाहिला तर ‘मला उशीर झाला तर तूं किती वेळ वाट पाहशील?’ हा प्रश्न निघाल्यावांचून राहत नाहीं. असा प्रश्न लग्नापूर्वीं निघालेला बरा.

दोघेंहि मिळवितीं असलेल्या घरांसाठीं दोन चित्रपट विशेष आहेत. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अभिमान’ (१९७३) मध्यें गायक नवरा हौसेनें पत्नीला आपल्याबरोबर गावयास लावतो, आणि तिचें गाणें लोकांना त्याच्याहून अधिक आवडूं लागतें. पुढील दुखावलेपणा इतका ओळखीचा आहे कीं, चित्रगृहांत पुष्कळ पुरुष खुर्चींत चुळबुळ करीत असतील. दुसरा, सत्यजित राय यांचा बंगाली ‘महानगर’ (१९६३). कलकत्त्याच्या एका बँकेंतील कारकुनाची पत्नी घरखर्चासाठीं दारोदार विणकामाचीं यंत्रें विकण्याची नोकरी धरते. सासऱ्यांना तें रुचत नाहीं, नवऱ्यालाहि पुढें रुचेनासें होतें. आणि नेमकी तेव्हांच त्याची बँक बुडते. यांत एक लहानसा प्रसंग आहे. तिला तिच्या मैत्रिणीनें ओठांना लावावयाचा रंग दिलेला असतो. नवऱ्याच्या नजरेस तो पडतो, आणि ती तो टाकून देते. एवढ्याशा वस्तूंत त्या घराचें सारें राजकारण सांठविलें आहे. शेवटीं ती मैत्रिणीवरील अन्यायासाठीं नोकरीचा राजीनामा देते. दोघेंहि बेकार, आणि तरीहि त्या क्षणीं तीं एकमेकांच्या जितकीं जवळ आहेत तितकीं आधीं नव्हतीं. राय यांना या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठीं १९६४ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत रौप्य अस्वल मिळालें. पदरीं लहान मुलें असलेल्या, हिशेबाची वही रात्रीं उशिरां लिहिणाऱ्या जोडप्यांनीं तो पाहावा. बंगाली येत नसेल तरी खालीं येणाऱ्या ओळी वाचून कांहीं अडत नाहीं.

आतां निवडीच्या रीतीविषयीं थोडें. निवड नेहमीं एकानेंच करूं नये. आणि ‘तुम्हांला जो आवडेल तो’ हें उत्तर दोनदांहून अधिक वेळां स्वीकारूं नये. पुष्कळ घरांत बायकोची आवड नवऱ्याला वीस वर्षांनंतरहि ठाऊक नसते, याचें कारण तिला ती सांगण्याची संवय लागलेली नसते, हेंच आहे. आळीपाळीनें निवडावें. ज्याची पाळी त्यानें दोन-चार दिवस आधीं चित्रपटाविषयीं कांहीं वाचावें, कोणाला विचारावें, आणि विचारतांना ‘त्यांत कांहीं वाईट आहे का’ असें न विचारतां ‘तुम्हीं दोघांनीं मिळून पाहिला का, आणि मग काय झालें’ असें विचारावें. या प्रश्नाचें उत्तर खरें येतें. दोघांपैकीं एकाला जो विषय झोंबेल तो आधीं सांगून टाकावा. घरांत नुकताच मृत्यु झाला असतां मृत्यूचा, मूल होत नसतां बाळंतपणाचा, असे चित्रपट भेट म्हणून नेऊन दाखविणें म्हणजे क्रूरता आहे, मग त्यांना कितीहि पारितोषिकें मिळालेलीं असोत.

हल्लीं चित्रपट घरबसल्या मिळतो, आणि जुने चित्रपट तर बहुतेक तसेच पाहावे लागतात. त्यांत सोय आहे तशीच एक अडचण आहे: चित्रगृहांत तिकिटाचे पैसे गेलेले असल्यामुळें माणूस जागचा हालत नाहीं, घरीं दर दहा मिनिटांनीं कोणी तरी उठतें, आणि तें बहुधा एकच माणूस असतें. दूध वर आलें, दाराची घंटा वाजली, मुलानें पाणी मागितलें. अर्धा चित्रपट तिनें स्वयंपाकघराच्या दारांतून पाहिला तर तो दोघांनीं पाहिला असें म्हणतां येणार नाहीं. त्या दिवशीं उठण्याचें काम त्यानें पत्करावें. दूरध्वनि दुसऱ्या खोलींत ठेवावा, दोघांचाहि.

आणि निवड चुकली तर? ती चुकतेच. अशा वेळीं चित्रगृहांत मध्यंतरापर्यंत बसावें, दिवे लागले म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडाकडे एकदां नीट पाहावें, आणि उठून बाहेर यावें. तिकिटाचे पैसे बुडाले तरी सव्वा तास हातीं राहतो, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलांत चहा मिळतो.